तिसरे नाव

सरकारी वसाहतीत नव्याने बदलून आलेल्या गृहस्थाला नाव विचारले जाते ते केवळ शिष्टाचार म्हणून. खरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो : हुद्दा कोणता? हुद्द्यावरून क्वार्टरचा प्रकार कळतो, प्रकारावरून खोल्यांची संख्या कळते, आणि खोल्यांच्या संख्येवरून त्या गृहस्थांना आपण आधी नमस्कार करावयाचा की त्यांनी करण्याची वाट पाहावयाची, हेही ठरून जाते. परप्रांतात येऊन राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींत हा रोग थोडा सौम्य असावा, असे आम्ही काही वर्षे समजत होतो. गणेशोत्सवातील खुर्च्यांच्या पहिल्या रांगेचे बारकाईने निरीक्षण केल्यापासून तसे समजत नाही.

हे आठवण्यास निमित्त झाले एका शस्त्रक्रियेच्या इतिहासाचे. जन्मतःच हृदयात दोष घेऊन आलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना जगविण्याची विद्या माणसाने फार उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर हस्तगत केली. त्या विद्येचा वृत्तांत आम्ही वाचावयास घेतला तो निव्वळ कुतूहलाने. वैद्यकाशी आमचा संबंध औषधांची बिले मंजुरीस पाठविण्यापलीकडे नाही. परंतु वाचता वाचता एका पगारपत्रकापाशी येऊन आम्ही थांबलो. पगारपत्रक म्हटले की आम्हाला थांबावेच लागते.

हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते, तेथे प्राणवायू घेऊन डाव्या बाजूस परतते आणि महाधमनीवाटे सर्व शरीराला पोचते, एवढे शाळेत प्रत्येकाने शिकलेले असते. काही मुलांच्या हृदयात या व्यवस्थेचाच घोटाळा असतो. फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, हृदयाच्या दोन मोठ्या कप्प्यांमधील पडद्याला भोक, महाधमनीचे मुख त्या भोकावर सरकलेले, आणि अरुंद वाटेतून रक्त रेटण्याच्या श्रमाने उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, असे चार दोष एकत्र आढळतात. सतराव्या शतकात निल्स स्टेन्सेन यांनी अशा हृदयाचे वर्णन केले होते. पुढे १८८८ साली मार्सेय येथील वैद्य एत्येन-लुई फालो यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून या दोषचतुष्टयाला फालो यांचे नाव मिळाले. नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही. फुप्फुसांत पुरेसे रक्त जातच नसल्यामुळे या मुलांचे ओठ आणि नखे निळी पडतात, बोटांची टोके फुगीर होतात. चार पावले चालले की मूल उकिडवे बसते. तसे बसल्याने पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडसर होतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. हे त्या मुलाला कोणी शिकविलेले नसते. डॉक्टरांच्या हाती मात्र ते बसलेले मूल पाहत राहण्यापलीकडे काही नव्हते.

पाहत राहणाऱ्यांत एक बाई होत्या, डॉ. हेलन टॉसिग. त्यांचा जन्म १८९८चा. वडील हार्वर्डचे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. पण त्याच हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश नव्हता. म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या. १९३० साली तेथील बालरुग्णालयाचा हृदयविभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. याच सुमारास त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. हृदयाच्या डॉक्टराने कानाला नळ्या लावून ठोके ऐकावयाचे, आणि येथे कानच साथ देईनात. बाईंनी मुलांच्या छातीवर तळवा ठेवून हृदयाचा कंप बोटांनी ओळखण्याचा सराव केला. क्ष-किरणांच्या पडद्यावर मुलाला निरनिराळ्या बाजूंनी वळवून त्या हृदयाच्या आकाराचा अदमास घेत, आणि मूल दगावले तर शवविच्छेदनाच्या वेळी तो अदमास ताडून पाहत. अशी वर्षानुवर्षे पडताळणी केल्यावर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. काही निळी बालके जन्मानंतर थोडे दिवस बरी असतात आणि मग एकाएकी ढासळतात. गर्भात असताना महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक लहान नलिका असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. निरोगी मुलाच्या बाबतीत ती बंद होणे हिताचे. या मुलांच्या बाबतीत मात्र फुप्फुसांना थोडेफार रक्त पोचविणारी तीच एक चोरवाट असते, आणि ती मिटली की मूल गुदमरते. मग ती मिटल्यावर तशीच दुसरी वाट माणसाने का करून देऊ नये?

ही नलिका त्या वेळी वैद्यकविश्वात गाजत होती ती नेमक्या उलट कारणासाठी. ज्यांची ती जन्मानंतरही उघडी राहते अशा मुलांपैकी एका सात वर्षांच्या मुलीची नलिका बॉस्टन येथे २६ ऑगस्ट १९३८ रोजी डॉ. रॉबर्ट ग्रॉस या तेहतीस वर्षांच्या शस्त्रवैद्याने बांधून बंद केली होती. ग्रॉस यांचे विभागप्रमुख त्या वेळी परदेशी गेलेले होते. ते येथे असते तर परवानगी मिळाली नसती, असे म्हणतात. (वरिष्ठ रजेवर असताना पार पडलेल्या सत्कृत्यांचा इतिहास कोणीतरी लिहावयास हवा.) टॉसिगबाई आपली कल्पना घेऊन याच ग्रॉस यांच्याकडे गेल्या. ग्रॉस यांना तीत रस वाटला नाही. त्यांनी नलिका बंद करण्यात कीर्ती मिळविली होती; उघडी नलिका नव्याने निर्माण करण्याची सूचना त्यांना विचित्रच वाटली असणार. बाई परत आल्या. १९४१ साली जॉन्स हॉपकिन्सला शस्त्रक्रिया विभागाचे नवे प्रमुख आले, डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक, आणि १९४३ साली बाईंनी त्यांच्यापुढे तोच प्रश्न ठेवला. नळ दुरुस्त करणारा ज्याप्रमाणे एका नळाची जोडणी दुसऱ्याला देतो, तसे काही करता येणार नाही का, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

येथे तिसरा माणूस येतो, आणि येथेच आमची पंचाईत झाली. इंग्रजीत 'तो' आणि 'ते' हा भेद नाही. मराठीत लेखणी टेकताच तो करावा लागतो. दोघे डॉक्टर, त्यांना 'ते' आणि 'त्या' म्हणण्याविषयी प्रश्नच नव्हता. तिसऱ्याविषयी आमच्या पहिल्या खर्ड्यात आपसूक 'तो' उतरला होता. का उतरला, याचा विचार केल्यावर आम्ही तो खर्डा फाडला.

व्हिव्हिअन थॉमस यांचा जन्म १९१०चा, लुइझियाना राज्यातला. वाढले ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे. वडील सुतार, आणि तेही लहानपणापासून सुतारकामात तयार. कृष्णवर्णीय. डॉक्टर होण्यासाठी महाविद्यालयात जावयाचे म्हणून त्यांनी मजुरीतून पैसे साठविले होते. १९२९च्या मंदीत काम गेले. फेब्रुवारी १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत तात्पुरती नोकरी धरली आणि त्याच वर्षी शिल्लक ज्या बँकेत होती ती बँक बुडाली. तात्पुरती नोकरी मग कायमची झाली. आरंभीच्या दिवसांत एकदा ब्लेलॉक त्यांच्यावर शिवराळ भाषेत खेकसले. थॉमस यांनी शांतपणे जाऊन सांगितले की अशी भाषा ऐकण्याची आपल्याला सवय नाही. पुन्हा असे होणार असेल तर आपण निघतो. ब्लेलॉक यांनी क्षमा मागितली आणि दिलेला शब्द पाळला. दोघांनी मिळून जबर जखमांनंतर येणाऱ्या 'शॉक'चे कारण शोधण्याचे प्रयोग केले. रक्त व द्रव शरीरातून निघून गेल्यामुळे तो येतो, हे त्यांतून दिसले आणि दुसऱ्या महायुद्धात त्या ज्ञानाने असंख्य सैनिक वाचले. वरकड बाटल्या धुणारा मनुष्य चारपाच वर्षांत ज्या दर्जाचे संशोधन करू लागला, ते काम करणाऱ्याला एरवी पदवीनंतरचा विद्वान म्हणत. विद्यापीठाच्या पगारपत्रकावर मात्र थॉमस यांचा हुद्दा होता झाडलोट करणारा नोकर. आपल्याकडे पूर्वी ज्याला चतुर्थ श्रेणी म्हणत, तीच. ते त्यांनी स्वतः शोधून काढले आणि ब्लेलॉक यांच्या नजरेस आणले, तेव्हा पगारात वाढ झाली.

१९३८ साली या दोघांनी एक प्रयोग केला होता. खांद्याखालून हाताकडे जाणारी धमनी कापून तिचे टोक फुप्फुसधमनीला जोडावयाचे आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो का ते पाहावयाचे. दाब अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. त्या हेतूने प्रयोग फसला. धमन्यांचा सांधा मात्र उत्तम टिकला. पाच वर्षांनी टॉसिगबाईंनी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर या फसलेल्या प्रयोगात पडून होते. जुन्या, 'पुढील कार्यवाही नाही' असा शेरा मारलेल्या नस्तीत हवा तो कागद सापडावा, तसे.

यापुढचे काम प्रामुख्याने थॉमस यांचे. ते हॉपकिन्सच्या संग्रहालयात जाऊन जतन केलेली सदोष हृदये तासन्‌तास पाहत बसले. मग निरोगी कुत्र्याला शस्त्रक्रियेने 'निळा' करावयाचा आणि मग दुसऱ्या शस्त्रक्रियेने त्याला बरे करावयाचे, असा उलटसुलट खटाटोप सुमारे दोनशे कुत्र्यांवर चालला. त्यांतून दीर्घकाळ जगलेल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र पुढे हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले. तान्ह्या मुलाच्या धमनीला टाके घालण्याजोग्या सुया बाजारात नव्हत्या. थॉमस यांनी होत्या त्या सुया कापून, घासून तशा केल्या. धमनी न चिरडता रक्त अडवून धरणारे चिमटे बेतून करवून घेतले. सुताराच्या हातांना हे जमले, असे कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाही.

२९ नोव्हेंबर १९४४. मुलगी पंधरा महिन्यांची, वजन जेमतेम चार किलोंच्या आसपास. या वयाच्या निरोगी मुलाच्या वजनाचा अर्धा भागही नव्हे. एका वरिष्ठ भूलतज्ज्ञाने तिला भूल देण्याचे नाकारले. त्याच्या कनिष्ठ सहकाऱ्याने ती दिली. ब्लेलॉक यांनी ही शस्त्रक्रिया तोवर कुत्र्यावर स्वतः जेमतेम एकदा हाताळली होती. थॉमस यांनी कितीतरी वेळा केली होती. म्हणून शस्त्रक्रियेच्या दालनात येताच ब्लेलॉक यांनी त्यांना बोलावून घेतले. थॉमस ब्लेलॉक यांच्या उजव्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहिले आणि टाका कोठे, किती अंतरावर, कोणत्या दिशेने, हे सांगत गेले. मुलीच्या डाव्या हाताकडील धमनी डाव्या फुप्फुसधमनीला जोडण्यात आली. दालनात डेंटन कूली नावाचा एक तरुण शिकाऊ डॉक्टर होता. पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, मनुष्याच्या छातीत पहिले कृत्रिम हृदय बसविणारे ते हेच.

मुलगी जगली. दोन महिन्यांनी घरी गेली. आणि पुढे काही महिन्यांत पुन्हा निळी पडू लागली; दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली, ती तिला सोसली नाही, आणि दुसरा वाढदिवस येण्यापूर्वीच ती गेली. लोकप्रिय वृत्तांतांत हा भाग पुष्कळदा वगळला जातो. आम्हाला तो वगळवत नाही. ही शस्त्रक्रिया दोष दूर करीत नव्हती, दोषाला वळसा घालीत होती. हृदयातील भोक तसेच राहत होते. परंतु फेब्रुवारी १९४५ मध्ये आणखी दोन मुलांवर ती झाली, एक मुलगी अकरा वर्षांची आणि एक मुलगा सहा वर्षांचा. चिमटे काढताच त्या मुलाचे काळेनिळे ओठ टेबलावरच गुलाबी झालेले सर्वांनी पाहिले. १९ मे १९४५च्या अंकात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने तिन्ही रुग्णांची हकीकत छापली. लेखक दोन : ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचे नाव नाही.

बातमी पसरली आणि हजारो मैलांवरून आईबाप निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. वर्षभरात दोनशेहून अधिक मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. आता या गर्दीच्या काळातील थॉमस यांचे दिवस पाहावेत. सकाळी ते ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे. दुपारी प्रयोगशाळेत, देशोदेशीच्या तरुण शस्त्रवैद्यांना टाके शिकवीत. हॉपकिन्समध्ये इतर कृष्णवर्णीय माणसे नोकर म्हणूनच दिसत. पांढऱ्या कोटात हा मनुष्य व्हरांड्यातून जाऊ लागला की लोक वळून पाहत. आणि पगार अपुरा म्हणून ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत हेच थॉमस पेयांचे प्याले भरण्याचे काम करीत. ज्यांचे प्याले भरावयाचे, त्यांतील काहीजण सकाळी त्यांचेच विद्यार्थी असत.

ब्लेलॉक यांना एकदम दोषी ठरविण्याचा मोह आम्हाला झाला होता. पण कागद दोन्ही बाजूंनी वाचावा. डेट्रॉइटच्या एका मोठ्या रुग्णालयाचे निमंत्रण त्यांनी नाकारले होते. तेथे कृष्णवर्णीय माणसाला नोकरीत घेत नसत आणि थॉमस यांना सोडून ते जाण्यास तयार नव्हते. १९४६ साली थॉमस सुतारकामाकडे परतण्याच्या विचारात होते, तेव्हा ब्लेलॉक यांनी अधिकाऱ्यांशी भांडून त्यांना तेथील सर्व तंत्रज्ञांत अधिक पगार मिळवून दिला. त्याच सुमारास हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये वाट करून देण्याची एक युक्ती थॉमस यांनी एकट्याने सिद्ध केली. बऱ्या झालेल्या कुत्र्याच्या हृदयातील ते नितळ काम बोटाने चाचपून ब्लेलॉक म्हणाले होते, की हे तर परमेश्वराने केल्यासारखे दिसते. कौतुक होते, विश्वास होता, पैशाचीही सोय त्यांनी केली. फक्त छापील पानावर नाव घालण्याची वेळ आली की लेखणी थांबत असे. त्या युक्तीवरून निघालेल्या शस्त्रक्रियेला ब्लेलॉक आणि हॅनलन अशी दोन डॉक्टरांची नावे मिळाली.

टिपणी एकाने लिहावयाची आणि सही दुसऱ्याने करावयाची, ही व्यवस्था आम्ही रोज पाहतो, आणि थॉमस यांची कथा वाचताना आम्हाला जो कढ आला त्यात आमची स्वतःची कीव थोडी मिसळलेली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तुलना टिकत नाही. आमच्या कोणत्याही टिपणीने आजवर एकाही मुलाचे ओठ गुलाबी झालेले नाहीत.

टॉसिगबाईंचीही गोष्ट पूर्णपणे सुखाची नाही. ब्लेलॉक १९४५ सालीच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. बाईंना ते सदस्यत्व १९७३ साली मिळाले. पूर्ण प्राध्यापकपद मिळावयास १९५९ साल उजाडले. कल्पना कोणाची मोठी, हात कोणाचा मोठा, यावरून दोघांत दीर्घकाळ अढी राहिली. त्या वादात उभयपक्षी तिसऱ्याचा विचार क्वचितच दिसतो.

दरम्यान विद्या पुढे गेली. वळसा न घालता हृदय उघडून दोषच दुरुस्त करावयाचा, तर तेवढा वेळ शरीराचे रक्ताभिसरण दुसऱ्या कोणी चालविले पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ साली मुलाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी बहुधा त्याच्या आईच्या अथवा बापाच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या आणि त्यांच्या हृदयावर मुलाला जगवीत ठेवून शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला फालो यांचे चारही दोष असलेल्या मुलाचे हृदय प्रथमच आतून दुरुस्त झाले. एकूण ४५ रुग्णांवर ही रीत वापरली गेली. त्यांतील २८ बरे होऊन घरी गेले. एका मातेच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढच्याच वर्षी डीवॉल यांच्या साध्या प्लॅस्टिक नळ्यांच्या यंत्राने आईबापांची ती जागा घेतली. आपल्या देशात वेल्लोर येथे १९६२ साली डॉ. गोपीनाथ यांनी हृदय उघडून केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज फालो यांच्या दोषाची संपूर्ण दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात, आणि जेथे ती वेळेवर होते तेथे दहांतील नऊहून अधिक मुले मोठी होतात. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्याच वर्षी उपचार लागतो, आणि तो अनेकांपर्यंत आजही पोचत नाही.

ब्लेलॉक १९६४ साली वारले. थॉमस प्रयोगशाळेतच राहिले. १९७१ साली त्यांच्या हाताखाली शिकून नामवंत झालेल्या शस्त्रवैद्यांनी त्यांचे तैलचित्र करवून घेतले आणि ते ब्लेलॉक यांच्या चित्राशेजारी लागले. १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर केले; परंतु नियमांच्या काही अडचणीमुळे ती पदवी वैद्यकाची देता आली नाही, कायद्याची द्यावी लागली. नियमांच्या अडचणी कशा असतात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. ज्या शस्त्रक्रिया विभागात पस्तीस वर्षे शिकविले तेथे अध्यापक म्हणून नेमणूकही त्याच वर्षी झाली. त्यांनी आत्मचरित्र लिहिले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते वारले आणि त्यानंतर काही दिवसांनी पुस्तक बाजारात आले.

त्या जुन्या जोडणीची सुधारलेली आवृत्ती, कृत्रिम नळीचा तुकडा वापरून केलेली, काही अर्भकांसाठी आजही उपयोगात आहे. अलीकडच्या वैद्यकीय लेखांत तिचा उल्लेख ब्लेलॉक, टॉसिग आणि थॉमस अशा तिन्ही नावांनी होऊ लागला आहे. काही ठिकाणी थॉमस मध्ये, काही ठिकाणी शेवटी. मूळ पद्धतीने ज्यांची हाताकडील धमनी वळविली होती, त्या रुग्णांच्या त्या बाजूच्या मनगटावर नाडी जवळजवळ लागत नाही. नव्या डॉक्टराने तोच हात धरला, की ते काही न बोलता दुसरा हात पुढे करतात.